एसएमई ३००९: मागचं वजन का झुकतं?

एसएमई ३००९ सिरीज २ हा रेकॉर्ड प्लेयरचा आर्म, म्हणजे रेकॉर्डवर सुई धरणारा हात. त्याच्या दोन तक्रारी बघू: तोल राखणारं मागचं वजन खाली लोंबतंय आणि डाव्या चॅनलचा आवाज मधूनच जातो. बेअरिंगला हात लावण्याआधी मागचा दांडा बघा. तो आर्मच्या नळीला रबरी जोडाने बसवलेला असतो. हे रबर वर्षानुवर्षांत चिकट होऊन सैल पडतं, म्हणून वजन झुकतं. घट्ट गोंदाने चिकटवू नका, कंपनं अडवायलाच ते रबर आहे. नवीन जोड घाला. जुन्याचा चिकटा आयसोप्रॉपिल अल्कोहोलने आधी पुसून काढा.

चॅनलसाठी हेडशेलच्या (सुईचं कार्ट्रिज जिथे बसतं त्या पुढच्या भागाच्या) पिना आणि नळीच्या तोंडातल्या स्प्रिंगच्या पिना साफ करा. बऱ्याचदा तेवढ्यावरच भागतं. नाहीच भागलं तर तारा बदला: पांढरी-निळी डावा, लाल-हिरवी उजवा. ही लिट्झ तार, म्हणजे अनेक बारीक धाग्यांची तार; तिच्या प्रत्येक धाग्यावर इनॅमल (वीज अडवणारा लेप) असतं. ते जळेपर्यंत टोक वितळलेल्या सोल्डरच्या थेंबात धरा, नाहीतर वरून चकचकीत दिसणारा सांधा आतून कोराच राहतो. कार्ट्रिजच्या पिनांवर थेट सोल्डर नको, उष्णतेने आतली कॉइल तुटते. मल्टिमीटर लावतानाही कार्ट्रिज काढून ठेवा. नवी तार ताठ असेल तर आर्म तिच्याच ओढीने सरकतो, तेव्हा खाली सैल वळण सोडा.