क्लोफाझिमिनने आईचा चेहरा काळवंडतोय, मदत हवी आहे

आईला ३ महिन्यांपासून क्लोफाझिमिन चालू आहे, रोज १०० मिलिग्रॅम. चेहरा आधी तांबूस झाला, आता विटकरी-काळा दिसतो. काल तिने पदराने घाम पुसला तर पदरावर लालसर डाग! बायका विचारतात म्हणून ओट्यावर बसायची बंद झालीये. आता औषधच नको म्हणते. हे औषध नक्की करतं काय? रंग जाईल का? लवकर सांगा.

रानवारा : आजार कोणता? सोबत काय चालू आहे?

सदाफुली : कुष्ठरोगच असणार. माझ्या सासऱ्यांना एमडीटीच्या, म्हणजे कुष्ठरोगाच्या एकत्र औषधांच्या, पाकिटातून मिळायचं. वर्षभर घेतलं, ठणठणीत झाले. लपवू नका हो.

धागाकर्ती : कुष्ठरोग नाही!! एमडीआर टीबी आहे, म्हणजे नेहमीच्या औषधांना दाद न देणारा. सोबत बेडाक्विलिन, लिनेझोलिड आणि आणखी एक.

सदाफुली : टीबीला कुष्ठरोगाचं औषध? डॉक्टरांना परत विचारा.

बोरीबाभळी : सदाफुलीताई, घाबरवू नका. १९५०च्या दशकात डब्लिनला व्हिन्सेंट बॅरींच्या गटाने ते टीबीसाठीच शोधलं होतं. कुष्ठरोगात गुण आला, तिथेच रुळलं. औषधांना दाद न देणाऱ्या टीबीमुळे परत आलं. रेणूच लाल आहे आणि चरबीत विरघळतो, म्हणून कातडीत साठतो.

मोगरा : मुलतानी माती आणि दूध लावा, माझे वांग गेले.

रानवारा : मोगरा, हे वांग नाहीत. काम कसं करतं म्हणाल तर जंतूच्या डीएनएतल्या ग्वानिन या घटकाला चिकटतं. आम्ही फार्मसीला हेच शिकलो.

बोरीबाभळी : तेवढ्यावर भागत नाही. जंतूला ऊर्जा पुरवणाऱ्या श्वसनसाखळीतल्या एनडीएच-२ या एन्झाइमकडून ते इलेक्ट्रॉन घेतं आणि ऑक्सिजनला देतं. त्यातून तयार होणारा दाहक ऑक्सिजन जंतूला आतून पोळतो. इलेक्ट्रॉन देऊन मोकळं झालं की पुन्हा घ्यायला तयार.

रानवारा : प्रयोगशाळेत दिसलं म्हणून फुफ्फुसातही तसंच, असं धरू नका. ते राहू दे. ताई, ईसीजी कधी काढला? हे आणि बेडाक्विलिन, दोन्ही ईसीजीतलं क्यूटी हे अंतर लांबवतात, त्याने हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

धागाकर्ती : सुरुवातीला एकदाच. कोणी बोललंच नाही. आणि रंगाचं?

बोरीबाभळी : जातो, पण सावकाश. अर्धं औषध उतरायलाच सुमारे ७० दिवस लागतात. कोर्स संपल्यावर काही महिने, कधी वर्षही लागतं. उन्हात पदर घ्यायला सांगा, कॅप्सूल जेवणाबरोबर द्या. स्वतःहून बंद मात्र करू देऊ नका, उरलेल्या औषधांनाही जंतू सरावतील.

धागाकर्ती : ती उपाशीपोटी घेत होती. उद्या सकाळी ईसीजीला नेते.