बंगल्याचा कार्बन मोजायचा, पण आकडे कुठले धरायचे?

पोयटा_वीट
कोल्हापूर, कळंब्याच्या बाजूला तळमजला अधिक एक, १५०० चौरस फूट आरसीसी. सिमेंट साधारण ६०० पोती, सळई ६ टन, भिंती ९ इंची विटेच्या. मालकांना जांभ्याशी तुलना करून हवी आहे. हिशेब कुठून कुठपर्यंत धरायचा? सिमेंटला नेटवर किलोमागे ०.६ पासून ०.९ किलो कार्बन डायऑक्साइडपर्यंत काहीही दिसतं.

बारा_एमएम
आधी हद्द ठरवा. ईएन १५९७८ या इमारतींच्या हिशेबाच्या युरोपीय मानकात ए१ ते ए३ म्हणजे कच्च्या मालापासून कारखान्याच्या फाटकापर्यंत, ए४ वाहतूक, ए५ साइटवरचं काम. तुलनेपुरते हे पाच टप्पे बास. राहायला गेल्यावरची वीज त्यात मिसळू नका.

०.९ हा ओपीसीचा, म्हणजे साध्या पोर्टलँड सिमेंटचा आकडा. पीपीसीत (पोझोलाना सिमेंट) १५ ते ३५ टक्के फ्लाय ॲश, म्हणजे औष्णिक वीजकेंद्राची राख असते, टक्केवारी पोत्यावरच छापलेली असते. ३० टक्के धरली तर किलोमागे ०.६३ च्या आसपास. ६०० पोती म्हणजे ३०,००० किलो: ओपीसीत २७ टन, पीपीसीत १९ टन. चुनखडी भाजताना कार्बन डायऑक्साइड तिच्यातूनच सुटतो, त्यामुळं क्लिंकर (भट्टीतून निघणारा सिमेंटचा मूळ माल) कमी करणं हाच खरा उपाय. फक्त आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकातले सेंटरिंग काढायचे दिवस ओपीसीचे आहेत. पीपीसीला वाढवून घ्या, पावसाळ्यात तर नक्कीच.

सळईला एकच आकडा नाही. स्क्रॅप वितळवून केलेली आणि कोळशावर खनिजापासून काढलेल्या स्पाँज आयर्नची, यांत मोठी तफावत. कंपनीकडं ईपीडी (मालाच्या पर्यावरणीय परिणामाचा जाहीर दाखला) असेल तर त्यातला आकडा घ्या, नसेल तर किलोमागे २.५ धरून १५ टन.

आणि हो, रेडीमिक्सचा (तयार काँक्रीट) घनमीटरमागचा आकडा घेतला तर सिमेंट परत वेगळं मोजू नका. ही चूक सगळ्यात जास्त होते.

खडी_क्रशर
दुसरी चूक ब्रासची. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. एका ब्रासला क्रश सँड साधारण साडेचार ते पाच टन भरते. कार्बनच्या तक्त्यातले आकडे किलोमागे असतात, ब्रासमागे नाही.

वाहतूक डिझेलवरून काढा, लिटरमागे २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड. जांभ्याचा १० टनी ट्रक, रत्नागिरीकडून १३० किलोमीटर, रिकामा परत: २६० किलोमीटर, लिटरला ४ किलोमीटरच्या ॲव्हरेजनं ६५ लिटर, १७४ किलो. टनामागे १७ किलो. घाटात ॲव्हरेज पडतं, २० धरा. जांभ्याला भट्टी नाही, त्यामुळं त्याच्या खात्यात मुख्यतः वाहतूक आणि कटिंगच. आजरा-चंदगडकडचा दगड मिळाला तर आणखी कमी.

पण आरसीसी फ्रेममध्ये नुसता भरायला जांभा वापरला तर फायदा भिंतीपुरताच. वजन वाढलं तर बीम-फूटिंगमध्ये सळई वाढून तो फायदा खाल्ला जातो. तळमजला भारवाही केला (वजन कॉलमऐवजी भिंतींवर), लिंटेलला भूकंपपट्टा दिला आणि बाहेरून प्लास्टर टाळलं, तर कॉलमची सळई आणि सिमेंट दोन्ही वाचतं. डिझाइनरला आत्ताच विचारा, प्लिंथ झाल्यावर नाही.

पोयटा_वीट
आमचा भट्टीवाला बगॅस (उसाची चिपाडं) घालतो म्हणतोय. मग विटेचा कार्बन शून्य धरू?

बारा_एमएम
शून्य नाही. बगॅसचा कार्बन डायऑक्साइड जैविक, तो वेगळ्या ओळीत दाखवा. त्याच्यासोबत दगडी कोळसा किती जातो ते विचारा: एका आव्याला (भट्टीच्या एका खेपेला) किती टन, किती हजार विटा. कोळशाच्या प्रतीनुसार त्याच्या किलोमागे दीड ते अडीच किलो कार्बन डायऑक्साइड धरायचा. फुटक्या विटा वजा करून भागाकार करा, नाहीतर आकडा खोटाच चांगला दिसतो.

विटेची तुलना एएसी ब्लॉकशीही (हलके, सच्छिद्र काँक्रीटचे ब्लॉक) करणार असाल तर किलोमागे करू नका, भिंतीच्या चौरस मीटरमागे करा. ब्लॉकचा किलोमागचा आकडा अनेकदा विटेपेक्षा जास्त दिसतो, पण तेवढ्याच आकारमानाला तो वजनाला विटेच्या निम्म्याहूनही कमी.

खडी_क्रशर
माती सुद्धा लिहा. हजार विटांना साधारण ३ टन पोयटा (शेतातली सुपीक गाळमाती) लागतो, तो कार्बनच्या रकान्यात कुठंच दिसत नाही.