वाफ्यांना आणि बंबाला लाकूड: सुबाभूळ चालेल का, हत्यारं कोणती घ्यावीत?

गच्चीबाग_सहकारनगर:
नमस्कार मंडळी. आवारातलं सुबाभळीचं झाड पुणे महापालिकेची रीतसर परवानगी घेऊन काढलं आहे. खोड ९-१० इंच जाडीचं, तोडणारे उद्या त्याचे तुकडे करायला येणार आहेत. शिवाय जांभूळ आणि आंब्याच्या २ ते ५ इंची फांद्या पडून आहेत. भाजीसाठी ६ × ३ फुटांचे, फूटभर उंचीचे दोन वाफे करायचे आहेत, आणि उरलेलं लाकूड पुढच्या हिवाळ्यात आंघोळीचं पाणी तापवायच्या बंबाला वापरायचं आहे. घरात फक्त कोयता आणि एक छोटी करवत आहे.
१. वाफ्यांना सुबाभूळ चालेल का? नसेल तर कोणतं लाकूड, किती घनफूट?
२. चेनसॉ घ्यावा का? नाहीतर काय घ्यावं?
३. आत्ता फेब्रुवारी संपतोय. पावसाळ्याआधी जळण वाळेल का?

रंधा_पटाशी:
सुबाभूळ वाफ्याला लावू नका. ओल्या मातीला टेकलेली सुबाभूळ वाळवी आणि बुरशी दोघींना आवडते. एक-दोन पावसाळ्यांत फळीचा खालचा काठ हाताने खरवडता येईल इतका मऊ होतो. सुकलेल्या लाकडालाही बारीक भोकं पाडणारा किडा लागतो आणि खाली पिठासारखा भुसा पडत राहतो. आंब्याचंही तेच. जांभूळ मुळात पाण्याला टिकणारं लाकूड, विहिरीच्या बांधकामातही वापरलं जायचं, पण तो गुण खोडाच्या गाभ्यात असतो. तुमच्या ४-५ इंची फांद्यांत बाहेरचं पांढरट लाकूडच जास्त. दुधी-दोडक्याच्या तात्पुरत्या मांडवाला साल काढून वापरा. साल ठेवली तर किडा तिच्याआडच राहतो.

वाफ्यांना जुनं सागवान घ्या. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये उतरवलेल्या वाड्यांच्या तुळया आणि वासे मिळतात, आणि तिथेच कापूनही घेता येतात. घेताना कापलेलं टोक बघा: तपकिरी भाग गाभ्याचा, कडेचा फिकट पट्टा मातीत टिकत नाही. जुन्या लाकडात मोडलेले खिळे असतात. करवतीवर चढवण्याआधी काळे डाग शोधून प्रत्येक खिळा काढून घ्या, नाहीतर पातं जातं आणि त्याचे पैसे तुमच्याकडून घेतले जातात. जुना रंग असलेलं लाकूड टाळा, त्यात शिसं असू शकतं.

हिशेब असा: लांबी फुटांत × रुंदी इंचांत × जाडी इंचांत ÷ १४४ = घनफूट. एका वाफ्याचा घेर १८ फूट, उंची १२ इंच, जाडी १ इंच, म्हणजे दीड घनफूट. चार कोपरे आणि सहा फुटी बाजूंच्या मध्यावर एकेक, असे २ × २ इंचाचे फूटभर उंच सहा खुंट, ते ०.१७. मधले खुंट गाळू नका, ओल्या मातीच्या दाबाने सहा फुटी फळी हमखास बाहेर फुगते. दोन वाफ्यांचे ३.३३, त्यावर १५ टक्के तूट, म्हणजे चार घनफूट मागा. रंधा मारल्यावर १ इंचाची फळी पाऊण इंच होते आणि पैसे मात्र आधीच्या मापाचे लागतात, म्हणून आतली बाजू रंधायचीच नाही.

खुंट मातीत पुरू नका. फळ्या विटांच्या एका थरावर ठेवा म्हणजे खालचा काठ कोरडा राहील. जोडायला ८ नंबरचे २ इंची स्टेनलेस स्टीलचे स्क्रू घ्या, आधी ३ मिमीचं भोक पाडून. सागाच्या टोकाशी भोक न पाडता स्क्रू मारला की फळी चिरतेच.

सरपण_वखार:
जळणाचं मी सांगतो.

चेनसॉ घेऊ नका. एका खोडासाठी साखळीला धार लावणं, तेल, पेट्रोलचं मिश्रण, हेल्मेट-चष्मा हे सगळं कशाला? उद्या येणाऱ्यांकडेच चेनसॉ असणार, त्यांच्याकडून खोडाचे ६-६ इंचांचे गोल ठोकळे पाडून घ्या. नेहमीप्रमाणे फूट-दीड फुटाचे नकोत. बंबफोड, म्हणजे बंबात घालायची लाकडाची फोड, बंबाच्या मधल्या नळीत सहज उतरायला हवी, म्हणजे ५-६ इंच लांब आणि दीड इंच जाड. इतका आखूड ठोकळा दीड किलोची साधी कुऱ्हाडही फोडते. मग तीन किलोचा घण आणि पाचर घेण्याची गरजच उरत नाही.

फांद्यांना २४ इंची पात्याची धनुकरवत घ्या. पाती दोन तऱ्हेची असतात. सलग त्रिकोणी दात असलेलं सुक्या लाकडाला. चार-चार दातांनंतर एक फाटलेला दात असलेलं ओल्या लाकडाला, कारण तो दात ओला भुसा बाहेर ओढतो. ओल्या जांभळावर सुकं पातं लावलं की ते भुशात रुततं आणि लोक करवतीला दोष देतात. तुम्हाला ओल्याचं पातं हवं.

फोडायचं आत्ताच, ओलं असताना. जांभळाचे धागे एकमेकांत गुंतलेले असतात, वाळलं की कुऱ्हाड उसळते. गुडघ्याच्या उंचीचा ओंडका घ्या, त्यावर स्कूटरचा जुना टायर ठेवा आणि ठोकळा टायरच्या आत उभा करा. फोडी आतच राहतात, दर घावाला वाकावं लागत नाही. पहिला घाव मध्यावर नको; टोकावर दिसणाऱ्या भेगेवर, काठाकडून. गाठ आली की गाठीच्या बाजूने काढत जा. शेवटच्या बारीक फोडींसाठी लाकूड हातात धरून कुऱ्हाड मारायची नाही. कोयत्याचं पातं टोकावर टेकवा आणि पाठीवर लाकडी मोगरीने ठोका. लोखंडी हातोडी नको, कोयत्याची पाठ फुटून कपची उडते.

कुऱ्हाड घेताना दांडा बघा: बाभूळ, तिवस किंवा धामणीचा, धागे टोकापासून टोकापर्यंत सरळ. सैल झाला तर पाण्यात बुडवून ठेवू नका. फुगताना तुंब्यातले (कुऱ्हाडीच्या भोकात बसलेल्या दांड्याचे) धागे दबतात आणि वाळल्यावर दांडा आधीपेक्षा जास्त हलतो. काढा, तासा, पुन्हा ठोकून बसवा.

वाळवणं: इतक्या आखूड फोडींची रास उभी राहत नाही. भाजीचे जाळीदार प्लास्टिक क्रेट भरा, खाली विटा, वर पत्रा, बाजू पूर्ण उघड्या. ताडपत्रीने चहूबाजूंनी गुंडाळलं की आत घाम धरून बुरशी येते. मार्च ते मे पुण्याची हवा कोरडी असते, तेवढ्यात दीड इंची फोडी छान वाळतात. पाच फोडींवर खुणा करून दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. वजन उतरायचं थांबलं की वाळलं. जूनच्या आत क्रेट छपराखाली, पण वारा लागेल असे.

पुरेल का? २५ लिटर पाणी २० वरून ४५ अंशांवर न्यायला साधारण २.६ मेगाज्यूल लागतात. सुकं लाकूड किलोला १५ च्या आसपास देतं. त्यातली चौथाई पाण्यात उतरली असं धरलं तर सुमारे ७०० ग्रॅम. चार महिन्यांचे ८५ किलो. तुमच्या खोडाच्या दर १० फुटांत सुकल्यावर ७०-७५ किलो निघेल. फांद्या धरून एका माणसाच्या आंघोळीचा हंगाम आरामात निघतो.

गच्चीबाग_सहकारनगर:
फार उपयोगी, आभार. दोन शंका. शेजारी पॅकिंगच्या खोक्यांच्या फळ्या फुकट देत आहेत, त्या बंबात चालतील? आणि सागाला वाळवी लागू नये म्हणून जळकं ऑइल लावायला सांगितलं आहे.

रंधा_पटाशी:
जळकं ऑइल अजिबात नको. त्यात इंजिनातले धातू आणि काजळी असते, ती पाण्याबरोबर तुमच्या मेथी-पालकाच्या मातीत उतरते. बोरॅक्स-बोरिकही बाहेरच्या वाफ्याला उपयोगाचं नाही, पावसात धुऊन जातं आणि जास्त बोरॉनने रोपांची पानं करपतात. गाभ्याचा साग विटांवर असेल तर बाहेरून जवसाच्या तेलाचे दोन हात पुरेत. तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. तेल सुकताना तापतं आणि फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. पाण्यात भिजवा किंवा दोरीवर एकेक मोकळं वाळवा.

सरपण_वखार:
फळ्यांवरचा शिक्का बघा. 'एचटी' म्हणजे उष्णता देऊन निर्जंतुक केलेली, चालेल. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली, ती नको. रंगवलेली फळी, प्लाय, एमडीएफ बंबात कधीच नाही, डिंकाचा विषारी धूर होतो. कण्हेरीची काटकी सरपणात मिसळलेली नाही ना, तेही पाहा.

आणि सुबाभळीच्या शेंगा कंपोस्टमध्ये जाऊ देऊ नका. बी टणक असतं, वर्षानुवर्षं मातीत राहून उगवतं. बुंध्यालाही पावसात धुमारे फुटतील, ते कोवळे असतानाच महिन्या-महिन्याला मोडत राहा.