क्वेकरांची शांतीची बांधिलकी सोसायटीच्या भांडणात कशी पाळायची?

कोथरूड_पूर्व: क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे लोक हत्यार धरत नाहीत, 1660 मध्ये त्यांनी इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाला तसं लिहूनही दिलं, एवढं माहीत आहे. पण आपल्याकडे सैन्यभरतीची सक्ती नाही. पुण्यात भांडणं होतात ती पार्किंगवरून आणि टँकरच्या खर्चावरून. तिथे ही बांधिलकी नेमकं काय करायला सांगते?

मौनसभा: त्याच निवेदनात युद्धाचं मूळ माणसाच्या हव्यासात आहे असं म्हटलंय, म्हणजे पार्किंगपासून सुरुवात करणं योग्यच आहे. (तेव्हा इंग्लंडात नवं वर्ष 25 मार्चला लागे, म्हणून 1660, आजच्या हिशेबाने जानेवारी 1661.)

सर्वांत उपयोगी पडेल ती त्यांची कारभाराची सभा. तिथे मतदान नसतं. तुम्ही असं करून पाहा: एका बैठकीला एकच विषय. टँकरची बिलं आणि मीटरचे आकडे दोन दिवस आधी सगळ्यांना पाठवा, नाहीतर अर्धा वेळ आकड्यांवरच वाद होतो. सुरुवातीला पाच मिनिटं शांत बसा, मोबाइल बंद. बोलायचं ते सूत्रसंचालकाकडे पाहून, समोरच्या फ्लॅटवाल्याकडे नाही. एकाचं बोलणं संपलं की थोडं थांबायचं, मगच दुसऱ्याने बोलायचं. हे थांबणं लोक टाळतात आणि तिथेच गाडी घसरते. उत्तराला उत्तर सुरू होतं. सूत्रसंचालकाने स्वतःचं मत मांडायचं नाही, त्याचा फ्लॅट वादात असेल तर दुसरा माणूस नेमा.

निर्णयाचं टिपण तिथेच लिहून मोठ्याने वाचा आणि सगळ्यांसमोर दुरुस्त करा. चार दिवसांनी व्हॉट्सॲपवर आलेल्या इतिवृत्तावरून नवं भांडण उभं राहतं.

सर्वसाधारण सभेत ठराव मतांनीच होतो, म्हणून ही बैठक आधी अनौपचारिक घ्या.

कोथरूड_पूर्व: आणि एकच माणूस अडून बसला तर?

सहविचार: सर्वांचं एकमत व्हायलाच हवं, असं तिथे नसतं. सभेचा कौल कुठे आहे हे सूत्रसंचालक ओळखतो. एखादा म्हणू शकतो, ‘मला पटलेलं नाही, पण मी आड येत नाही,’ आणि हवं तर तशी नोंद होते. तरीही अडलंच तर विषय पुढच्या बैठकीवर न्या. मधल्या काळात दोघांनी त्याच्या घरी जाऊन फक्त ऐकून यावं. टँकर मात्र थांबवता येत नाही, तेवढ्यापुरता तात्पुरता खर्चवाटप ठरवून ठेवा.

एक सांगावंसं वाटतं. गप्प बसणं म्हणजे शांती नव्हे. थकबाकीदाराला कोणीच काही बोलत नाही आणि पाठीमागे सगळे कुजबुजतात, हे क्वेकरांच्या सत्याच्या आग्रहात बसत नाही. त्याच्याशी थेट बोला, पण चारचौघांत नको.

खडकी_रोड: पैशाकडेही बघा. म्युच्युअल फंड दर महिन्याला आपला पोर्टफोलिओ जाहीर करतात. त्यात संरक्षण-सामग्रीच्या कंपन्या शोधा. निफ्टी 50 चा इंडेक्स फंड असेल तर सप्टेंबर 2024 च्या अखेरीपासून त्यात भारत इलेक्ट्रॉनिक्स ही संरक्षण-सामग्री बनवणारी कंपनी आहेच. कंपनी काढून तोच फंड ठेवता येत नाही, फंडच बदलावा लागतो. विकण्याआधी एक्झिट लोड (ठरावीक मुदतीआधी पैसे काढल्यास कापलं जाणारं शुल्क) आणि भांडवली नफ्यावरचा कर तपासा.

मात्र खडकीच्या दारूगोळा कारखान्यात किंवा पाषाण, दिघीच्या संरक्षण-संशोधन प्रयोगशाळांत नोकरी करणाऱ्या नातेवाइकांना जेवणाच्या पंगतीत याचा जाब विचारू नका. प्रत्येक माणसात ईश्वराचा अंश आहे असं मानणाऱ्यांची ही बांधिलकी आहे, त्यात तेही आले.