चर्चा: आर.के. मिटलं, राजश्री टिकलं. फरक वितरणाचा की वारसांचा?

रीळबहाद्दर
दोन्ही घरच्या चित्रपट कंपन्या, एकाच काळातल्या. राजश्री ताराचंद बडजात्यांनी १५ ऑगस्ट १९४७ ला काढलं, राज कपूर यांच्या आर.के.चा पहिला 'आग' १९४८ चा. आज आर.के.च्या चेंबूरच्या स्टुडिओची सव्वादोन एकर जागा गोदरेजकडे आहे (२०१९), आणि राजश्री अजून चित्रपट काढतंय. माझ्या मते कारण एकच: राजश्री आधी वितरक होतं. 'आरती' हा त्यांचा पहिला चित्रपट १९६२ चा, म्हणजे पंधरा वर्षं फक्त दुसऱ्यांचे चित्रपट विकून बाजार शिकले.

हिशेब उदाहरणापुरता बघा. एका टेरिटरीची (वितरणाच्या एका विभागाची) एमजी, म्हणजे वितरकाने निर्मात्याला आधीच दिलेली हमीची रक्कम, १००, प्रिंट-प्रसिद्धीचे २०. वितरक आधी १२० वसूल करतो, त्यावर वीस टक्के कमिशन म्हणजे २४, आणि त्यापुढे उरणारा पैसा, म्हणजे ओव्हरफ्लो, निम्मानिम्मा. थिएटरचं भाडं जाऊन वितरकाच्या हाती येणारा वाटा, म्हणजे शेअर, २०० आला, तर ओव्हरफ्लो ५६. निर्मात्याला १०० अधिक २८. तोच निर्माता स्वतः वितरक असेल तर १८०. फरक ५२ चा, तोही एका टेरिटरीत.

चेंबूरनाका
हिशेब बरोबर, पण अर्धाच मांडलात. शेअर ६० आला तर? एमजीवाला निर्माता १०० खिशात घालून घरी गेलेला असतो. तुमच्या स्वयंवितरकाच्या हातात ४०, वर चित्रपटाचा सगळा खर्च अंगावर. आणि राजश्री वितरणामुळे तरलं म्हणता, तर ऐंशीच्या दशकात वितरण हाताशी असूनही गाशा गुंडाळायची वेळ का आली होती? वाचवलं ते १९८९ च्या 'मैंने प्यार किया'ने. दिग्दर्शक नातू सूरज. मुद्दा वारसांचाच आहे.

आर.के.कडे बघा. राज कपूर १९८८ ला गेले. मग 'हिना' (१९९१) रणधीर, 'प्रेमग्रंथ' (१९९६) राजीव, 'आ अब लौट चलें' (१९९९) ऋषी. तीन चित्रपट, तीन दिग्दर्शक. राज कपूर गेल्यावर एकालाही सलग दुसरी संधी मिळाली नाही.

तिसरी घंटा
स्टुडिओचा खर्च दोघेही विसरताय. 'आवारा'चं स्वप्नदृश्य तीन महिने रेंगाळू शकलं, कारण फ्लोअर (सेट लावून शूटिंग करायची जागा) घरचा होता. स्वतःचं काम थांबलं की तोच फ्लोअर भाड्याने चालवावा लागतो. तिथे चेंबूर हरलं, कारण मालिका आणि जाहिरातींचं काम अंधेरी-गोरेगावकडे सरकलं. सप्टेंबर २०१७ ची आग टीव्ही कार्यक्रमाच्या सेटवर लागली, जुने पोशाखही त्यात गेले. पण आगीच्या आधीच स्टुडिओ तोट्यात होता, हे कपूर मंडळींनीच विकताना सांगितलं. नव्याने बांधूनही भाड्यातून पैसे सुटत नव्हते.

चेंबूरनाका
स्टुडिओ ओझं म्हणता? राज कपूर यांचा 'मेरा नाम जोकर' बनायला सहा वर्षं लागली, दोन मध्यंतरांसह तो पडला, तेव्हा गहाण टाकायला हाच स्टुडिओ होता. त्यावरच 'बॉबी' (१९७३) उभा राहिला. भाड्याच्या ऑफिसवर कोण कर्ज देतो?

रीळबहाद्दर
'जोकर'चा विषय काढलातच, तर लांबी बघा. ३५ मिमी मिनिटाला ९० फूट पळते. 'हम आपके हैं कौन' २०६ मिनिटं, म्हणजे साडेअठरा हजार फूट, हजार फुटी एकोणीस रिळं. रोजच्या चार खेळांच्या १२-३-६-९ च्या वेळापत्रकात बसत नाही, दिवसाचा एक खेळ जातो. 'जोकर' तर चार तासांच्या वर, तिथेही खेळ गेला. मग १९९४ ला राजश्रीने काय केलं? प्रिंट मोजक्या काढल्या, मुंबईत आधी लिबर्टी, तिकीट चढं, आणि व्हिडिओ कॅसेट अडवून ठेवली. केबलवाल्यांच्या त्या काळात हे जमायला प्रिंट कुठल्या पेटीतून कुठे गेली यावर नजर लागते. लिबर्टीला शंभरावर आठवडे उगाच नाही झाले. सूरजचा हात मान्य, पण त्याचा चित्रपट सांभाळून विकणारं घरच होतं.

भुसावळ सर्किट
थोडं खाली उतरा. महाराष्ट्र ही एक टेरिटरी कधीच नव्हती. मुंबई-पुणे बॉम्बे सर्किटमध्ये, मराठवाडा निझाममध्ये, विदर्भ-खानदेश सीपी-बेरारमध्ये, त्याची ऑफिसं अमरावती-भुसावळला. एकाच चित्रपटाचे तीन सौदे, तीन हिशेब. निर्माता मुंबईत बसलेला असला की लहान गावच्या थिएटरचा खरा गल्ला त्याला कळत नाही, फक्त आलेला कागद कळतो. गल्ला तपासायला स्वतःचा माणूस लागतो, आणि तो पोसणं वितरण कंपनीलाच परवडतं. इथे मी रीळबहाद्दरांच्या बाजूने. मात्र ते गणित सिंगल स्क्रीनपुरतं. संगणकावर तिकीट फाटायला लागल्यावर त्या माणसाचं काम राहिलं नाही.

चेंबूरनाका
म्हणूनच २०१५ ला 'प्रेम रतन धन पायो' राजश्रीने फॉक्स स्टारकडून वितरित करून घेतला. तुमचा हुकमी एक्का त्यांनीच खाली ठेवला.

रीळबहाद्दर
त्याआधी २००६ ला 'विवाह' त्यांनी थिएटरबरोबर त्याच दिवशी इंटरनेटवरही आणला होता. माल लोकांपर्यंत कुठल्या वाटेने जातो, याचाच तो विचार. वाट बदलली, सवय नाही.

तिसरी घंटा
आर.के.चा मालही मेलेला नाही हो. डिसेंबर २०२४ मध्ये राज कपूर शताब्दीला दहा चित्रपट ४० शहरांत, १३५ थिएटरांत लागले, तिकीट १०० रुपये. चेंबूरचा एकही फ्लोअर त्याला लागला नाही.