शब्द हवा आहे: प्राचीन इराण्यांच्या हातात 'शमशेर' चालेल का?

लेखणीवाला:
ग्रीक-इराणी युद्धांवरच्या एका लेखाचं मराठी करतोय. प्लाटियाची लढाई, इ.स.पू. 479. माझं वाक्य असं आहे: 'ढालींची फळी कोसळताच इराणी सैनिकांनी शमशेरी उपसल्या.' संपादकांनी 'शमशेरी'खाली लाल रेघ मारून पान परत पाठवलंय, कारण काही लिहिलेलं नाही. शब्द तर अस्सल फारसी, मग अडलं कुठे? मूळ ग्रीक शब्द 'अकिनाकेस' आहे. त्याला मराठीत काय म्हणावं?

कवडसा:
शब्द फारसीच, पण वाचकाच्या डोळ्यांपुढे जी शमशेर उभी राहील ती त्या काळची नाही. बारीक, एकधारी, चांगलाच बाक असलेली इराणी तलवार रूढ झाली ती सफवी काळात, म्हणजे 16 व्या शतकाच्या आसपास. बाकदार पातं मुळात मध्य आशियातल्या तुर्की घोडेस्वारांबरोबर इराणात उतरलं. त्याआधीही 'शमशेर' शब्द होता, पण तो सरळ तलवारीचा. पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार जोसेफस उत्तर मेसोपोटेमियातल्या आदियाबेने राज्याच्या राजघराण्याबद्दल लिहिताना तिकडे 'साम्प्सेरा' म्हणतात अशा एका राजचिन्हाचा उल्लेख करतो, ते हेच. इस्लामपूर्व इराणच्या सासानी राजांच्या कमरेची तलवारही लांब आणि सरळच असे.

जाता जाता: 'शम म्हणजे नख, शेर म्हणजे सिंह, म्हणून शमशेर' ही फोड व्हॉट्सॲपवर जोरात फिरते. (कुणी नखाऐवजी शेपूट सांगतं.) मध्य फारसीत सिंहाला 'शग्र' म्हणत आणि पार्थियन या इराणातल्याच जुन्या भाषेत तलवारीचं रूप 'शफ्शेर' होतं. त्यात सिंह घुसवायला जागाच नाही.

तळटीप:
कवडसा यांच्याशी सहमत. आता अकिनाकेस. पातं सरळ, दोन्ही बाजूंना धार, लांबी सगळी मिळून साधारण 35 ते 45 सेंटीमीटर. तलवार म्हणायला तोकडी, सुरी म्हणायला मोठी. 'कट्यार' लिहू नका, कारण आपल्या कट्यारीची मूठ आडवी असते आणि ती ठोसा मारल्यासारखी खुपसतात. 'खंजीर' म्हटलं की पुन्हा बाक आला. मी सरळ 'आखूड तलवार' लिहीन, पहिल्या वेळी 'अकिनाकेस' देऊन.

ती बांधायची पद्धत लक्षात घेतली तर वापरही कळतो. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो की इराणी सैनिक ती पट्ट्याला, उजव्या मांडीशी लटकवत. इराणी राजधानी पर्सेपोलिसच्या शिल्पांत तपशील स्पष्ट दिसतो: म्यानाचं वरचं तोंड कमरपट्ट्याला अडकवलेलं आणि खालचं टोक दोरीने मांडीला बांधलेलं, म्हणजे चालताना किंवा घोड्यावर बसताना हेलकावे खाऊ नयेत. उजव्या हाताने उजवीकडूनच वर ओढायची. लांब पातं असं निघणार नाही, आखूड निघतं. काम मुख्यतः भोसकण्याचं, तेही अंगाला अंग भिडल्यावर.

म्यानाच्या टोकाला जे टोपण असतं (आपली 'तैनाळ'), त्यावरून एक राजा गेला, असं हिरोडोटस सांगतो. इ.स.पू. 522 मध्ये इराणचा राजा कंबुजिय (कॅम्बिसेस) घाईने घोड्यावर चढत असताना म्यानाची तैनाळ गळून पडली, उघडं पातं मांडीत घुसलं, जखम चिघळली आणि तो मेला.

पानसुपारी:
म्हणजे इराण्यांची तलवारबाजी वगैरे सगळा सिनेमाचा मसाला? काही तरी डावपेच असतीलच की. जगज्जेते होते ते.

तळटीप:
जगज्जेते होते, पण तलवारीच्या जोरावर नव्हे. नक्श-ए-रुस्तम इथल्या आपल्या कबरीवर इराणचा राजा पहिला दारियस स्वतःचं कौतुक कोरून ठेवतो: मी उत्तम घोडेस्वार आहे, धनुर्धर म्हणून पायदळातही उत्तम आणि घोड्यावरही, भालाईत म्हणून पायदळातही उत्तम आणि घोड्यावरही. तलवारीचं नाव नाही. तलवार ही शेखी मिरवण्याची गोष्ट असती तर या गृहस्थाने सोडली नसती! हिरोडोटसही म्हणतो की इराणी मुलांना पाच वर्षांपासून वीस वर्षांपर्यंत तीनच गोष्टी शिकवत: घोड्यावर बसणं, बाण मारणं आणि खरं बोलणं.

लढाईची रीतही तशीच. पुढे वेताच्या मोठ्या ढालींची फळी उभी करायची आणि तिच्या आडून बाणांचा पाऊस पाडायचा. शत्रू विस्कळीत झाला की मग भाले आणि घोडदळ. प्लाटियाला ग्रीक चिलखती पायदळ बाण सोसून ढालींपर्यंत पोचलं तिथे गाडं अडलं. हिरोडोटसच्या वर्णनात इराणी सैनिक ग्रीकांचे लांब भाले हातांनी धरून मोडत होते. धैर्यात, ताकदीत ते कमी नव्हते. अंगावर चिलखत नव्हतं आणि त्या जातीच्या लढाईचा सराव नव्हता, असं तो साफ म्हणतो. तेव्हा तुमच्या वाक्यातलं 'उपसल्या' हे क्रियापदही माझ्या मते जरा जास्तच नाट्यमय होतंय. मूळ लेखकाने तसंच लिहिलं असेल तर ठेवा बापडं.

कवडसा:
अकिनाकेसला मान मात्र मोठा होता. इ.स.पू. 480 मध्ये हेलेस्पाँटची सामुद्रधुनी ओलांडण्यापूर्वी इराणचा राजा झर्क्सिसने समुद्रात सोन्याचा प्याला, सोन्याचं पात्र आणि एक अकिनाकेस टाकली. जुन्या इंग्रजी भाषांतरांत याच शब्दाला 'सिमिटर' ठोकलेलं असतं, तिथूनच ती वाकडी तलवार आपल्याकडे आली असणार.

आणि घोड्यावरच्या वाराबद्दल एक भर. ग्रीकांनी 'कोपिस' म्हटलेलं एक पुढे झुकलेलं, टोकाकडे जड पातं होतं, कोयत्याच्या जवळचं. ग्रीक लेखक झेनोफोन अश्वारोहणावरच्या पुस्तकात स्वाराला सल्लाच देतो की सरळ तलवारीपेक्षा कोपिस बरी, कारण उंचावरून भोसकण्यापेक्षा छाटणं सोपं. इ.स.पू. 334 मध्ये ग्रानिकसच्या लढाईत इराणी सरदार स्पिथ्रिदातेसने अलेक्झांडरवर मागून हत्यार उगारलं, तेव्हा अलेक्झांडरचा सरदार क्लाइटस याने त्याचा हातच खांद्यापासून उडवला. ते हत्यार अलेक्झांडरचा चरित्रकार आरियन याच्या मते कोपिसच. तिथे 'तलवारीचा वार' बिनधास्त लिहा.

बोरूबहाद्दर:
मला आपल्या भाषेत काय शिल्लक राहिलं ते बघायला मजा वाटते. दारियसच्या शिलालेखातला घोडेस्वार म्हणजे 'असबार', घोड्यावर बसलेला. त्याचाच पुढे फारसी 'सवार' आणि मराठी 'स्वार' झाला. त्यामुळे 'घोडेस्वार' म्हणताना आपण घोडा दोनदा म्हणतो! त्याच कबरीवर गौबरुव नावाच्या सरदाराला 'अर्ष्टिबर' म्हटलंय, राजाचा भाला वाहणारा. ती 'अर्ष्टि' म्हणजे ऋग्वेदातली मरुतांच्या खांद्यावरची 'ऋष्टि'.

अवेस्ता या पारशी धर्मग्रंथातल्या वेंदिदाद नावाच्या भागात योद्ध्याच्या बारा वस्तूंची यादी आहे: भाला, 'करेत', 'वज्र', धनुष्य, तीस बाण, गोफण वगैरे. 'करेत' म्हणजे सुरा, फारसीत पुढे 'कार्द'. कातरीच्या 'कृत्' धातूशी सख्खं नातं. आणि अवेस्तातलं 'वज्र' फारसीत 'गुर्ज' झालं. जुन्या मराठीत गदेला गुर्ज म्हणतातच, म्हणजे वज्र आणि गुर्ज दोन्ही आपल्या घरी, एक आजोळचं, एक पाहुणं. पारशी धर्मगुरूच्या दीक्षेच्या मिरवणुकीत उमेदवाराच्या हाती बैलाच्या मस्तकाचा गुर्ज आजही असतो. पैलवानही तिकडचाच: 'पहलव' म्हणजे पार्थियन.

लेखणीवाला:
वाक्य बदललं: 'ढालींची फळी कोसळताच इराणी सैनिक आखूड तलवारी घेऊन भिडले.' पुढच्या परिच्छेदात शक लोकांचं 'सागारिस' आहे. कुऱ्हाड लिहू की परशू?

तळटीप:
परशू नको, लोकांना परशुराम दिसेल. 'तबर' घ्या, शब्द फारसी आणि मराठी वाचकाला परका नाही. फक्त ती जड, रुंद पात्याची नव्हे, एका हाताने फिरवायची हलकी युद्धकुऱ्हाड होती हे एकदा कंसात सांगा.