पाखले (म्हणजे पोर्तुगीज) आफ्रिकेत हरले की दमले? (आजोबांच्या एका गोष्टीवरून)

फोंडेकरीण
नमस्कार मंडळी. माझे आजोबा (आईचे वडील) 1958 पासून तेव्हाच्या पोर्तुगीज वसाहतीत, मोझांबिकच्या बैरा बंदरात एका दुकानात हिशेबनीस होते. डिसेंबर 1961 मध्ये गोवा मुक्त झाला तेव्हा मोझांबिकमधल्या भारतीय नागरिकांना छावण्यांत कोंडले, पुढे हाकलले. आजोबांच्या कागदांवर पोर्तुगीज शिक्का, म्हणून ते वाचले आणि राहिले. 1974 साली परत आले.

चतुर्थीला घर भरले की त्यांची एक गोष्ट ठरलेली: "पाखल्यांनीच पाखल्यांच्या मेसवर दगड मारले, ह्या डोळ्यांनी बघितले." आम्ही हसायचो. आता ते नाहीत. यंदा माटोळी बांधता बांधता मामेभावाशी जुंपली. त्याचे म्हणणे, सैन्य तिकडे जिंकत होते, लिस्बनमधल्या सरकारने कच खाल्ली. मला पटले नाही, पण उत्तरही सुचले नाही. आफ्रिकेत 13 वर्षे लढलेला पोर्तुगाल असा एकदम सगळे सोडून कसा निघतो? आणि ती दगडांची गोष्ट खरी का?

माडाखालचा
भाऊ बरोबर बोलतोय. गनिमांशी लढताना वर बसलेल्याला कणा हवा. लिस्बनला नव्हता. विषय संपला.

वाळपईचा सुभेदार
बाय, आधी दगडांचे. खरे आहे. जानेवारी 1974. फ्रेलिमोचे, म्हणजे मोझांबिकच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या संघटनेचे, हल्ले तोवर बैराच्या बाजूच्या मळ्यांपर्यंत आले होते. एका मळेवाल्याची बायको मारली गेली आणि गोरे वसाहतवाले चिडून अधिकाऱ्यांच्या मेसपुढे जमले. सैन्य आम्हाला राखत नाही म्हणून शिव्या, दगड, सगळे झाले. आजोबांना उगाच हसलात.

आता कण्याचे. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार, त्याच्याएवढा ताठ कणा कोणाचा होता? 14 डिसेंबर 1961 ला त्याने गोव्याचा गव्हर्नर व्हासालो इ सिल्व्हाला तार केली. मतलब असा, की शरणागती नाही, जिंका नाहीतर मरा. व्हासालोकडे साडेतीन हजारसुद्धा सैनिक नव्हते, लढाऊ विमान एकही नाही. त्याने 19 तारखेला शरणागती दिली, माणसे वाचवली. त्यातली कितीतरी तुमच्या फोंड्याच्याच छावणीत मे 1962 पर्यंत बसून होती. मायदेशी बक्षीस काय मिळाले? 1963 मध्ये व्हासालोला सैन्यातून काढले, बरोबर आणखी काही अधिकाऱ्यांना. (हाच माणूस 1980 मध्ये गोव्यात फिरायला आला तेव्हा आपल्या लोकांनी त्याचे आगतस्वागत केले. आपण असेच.) आफ्रिकेला निघालेल्या प्रत्येक तरुण कॅप्टनने हे बघून ठेवले होते.

मी मराठा पलटणीत 24 वर्षे काढली, दोनदा मणिपूर, एकदा काश्मीर. मणिपुरात सकाळी आरओपी, म्हणजे गाड्यांचा ताफा जायच्या आधी रस्ता चालत तपासायचा. रोज तोच रस्ता, तेच मोरीचे पाईप, पाईपात वाकून बघायचे. वाटेत एक दुकानदार होता. हसून बोलायचा, चहा द्यायचा, पण बिस्किटाचा पुडा कधी उधार दिला नाही. गावातल्या माणसाला वहीत लिहून द्यायचा, आम्हाला रोख. एकदा मी चिडलो. मागून कळले, आमच्या आधीच्या पलटणीलाही रोखच. त्याचा हिशेब सरळ होता: ही माणसे दोन वर्षांनी जाणार, नवी येणार, आणि मला इथेच राहायचे आहे. जंगलातले लोकही त्याच गावचे.

पाखल्यांचे तेच झाले. 1970 मध्ये जनरल काउल्झा द आरियागाने उत्तर मोझांबिकात माकोंदे पठारावर 'गॉर्डियन गाठ' नावाची मोहीम काढली. 35 हजारांच्या आसपास माणसे, तोफा, विमाने, हेलिकॉप्टर. तळ सापडले, हत्यारांचे ढीग सापडले, फोटो निघाले. फ्रेलिमोवाले सटकले ते पश्चिमेला तेते प्रांतात जाऊन उठले, जिथे काहोरा बासाचे धरण बांधायचे चालले होते. मी माझ्या कुळागरातून माकडे हाकलतो आणि ती शेजाऱ्याच्या माडांवर जाऊन बसतात, तसे. मग धरण राखायला आणखी फौज.

आणि ही फौज आणायची कोठून? अंगोला 1961, गिनी (आताचे गिनी-बिसाऊ) 1963, मोझांबिक 1964, तीन ठिकाणी एकदम लढाई, आणि देश केवढा, तर लोकसंख्या कोटीच्या आत. सक्तीच्या भरतीतला पोरगा दोन वर्षे आफ्रिकेत काढून सुटायचा. कायम नोकरीतल्या कॅप्टनची एक फेरी झाली की दुसरी, मग तिसरी. पोरे भरती चुकवून फ्रान्सला पळत होती, लष्करी अकादमीत कोणी येईना. म्हणून जुलै 1973 मध्ये सरकारने हुकूम काढला, की भरतीतल्या अधिकाऱ्यांनी छोटा कोर्स करावा आणि जुना सेवाकाळ धरून कायमवाल्यांच्या रांगेत यावे. फौजेत राहिलेल्या कोणालाही विचारा, सीनियॉरिटीला हात लावला की काय होते! सप्टेंबरात एव्होराजवळ कॅप्टन पहिल्यांदा जमले ते ह्या तक्रारीसाठी. पुढे 25 एप्रिल 1974 ला त्यांनीच सरकार उलथले. सालाझार 1968 मध्ये आजारी पडून बाजूला झाला, त्याच्या जागी आलेल्या काएतानोनेही युद्ध थांबवले नव्हते. खुर्चीतल्यांची हौस शेवटपर्यंत शिल्लक होती, तिसऱ्यांदा काळी ट्रंक भरणाऱ्याची संपली.

आमच्या सत्तरीला ह्यात नवल नाही. 1895 मध्ये ह्याच मोझांबिकला जा म्हणून इथल्या मराठा शिपायांना हुकूम झाला होता. त्यांनी नकार दिला, बंड करून सत्तरीत आले, राणे सामील झाले. ते निस्तरायला लिस्बनहून खुद्द राजाचा भाऊ फौज घेऊन आला.

मांडवीकाठ
सुभेदारसाहेब, दुकानदार आवडला, पण सगळा भार त्या ट्रंकेवर टाकू नका. गिनीत सैन्य सरळ मार खात होते. देश गोव्याच्या जेमतेम दहापट, त्यात तीस हजारांवर फौज. जनरल स्पिनोला 1968 मध्ये गेला, शाळा-दवाखाने बांधले, लोकांना जवळ करायचा बराच प्रयत्न केला. जानेवारी 1973 मध्ये अमिल्कार काब्रालचा खून झाला. पुढारी गेला की चळवळ बसेल असे ज्यांना वाटले त्यांना दोन महिन्यांत उत्तर मिळाले: रशियन स्ट्रेला क्षेपणास्त्रे आली, पाखल्यांची फियाट विमाने पडू लागली. वरचे आकाश गेले की आडबाजूच्या ठाण्यातल्या जखमीला उचलायला कोण येणार? मे महिन्यात गिलेजेचे ठाणे सोडून सैनिक चालत बाहेर पडले. सप्टेंबरात काब्रालच्या पक्षाने स्वातंत्र्य जाहीरही केले.

मामेभाऊ बहुधा अंगोलाकडे बघून बोलतोय. तिथे तीन संघटना आपसातच भांडत होत्या, म्हणून पाखल्यांचे बरे चालले होते. आणि 'माडाखालचा', समोरच्या बाजूला आपली माणसेही होती. बार्देशचे आक्विनो द ब्रागांसा फ्रेलिमोचा पुढारी समोरा माशेलचे सल्लागार. 1986 च्या विमान अपघातात दोघे बरोबरच गेले.

वाळपईचा सुभेदार
गिनीचे मान्य. मी मोझांबिक धरून बसलो कारण प्रश्न बैराचा होता. पण गिनीतल्या कॅप्टनांचीही धास्ती तीच, उद्या इथे सगळे कोसळले की दोष आमच्या माथी, म्हणजे दुसरा गोवा. आणि स्पिनोलाने तर फेब्रुवारी 1974 मध्ये पुस्तक काढून छापले, की हे युद्ध नुसत्या बंदुकीने सुटणारे नाही. जनरलच असे लिहितो म्हटल्यावर खालच्याने कोणासाठी मरायचे?

माडाखालचा
मी फक्त कणा म्हटले, तुम्ही तर वर्गच घेतला. असो. दगडांचे मला ठाऊक नव्हते.

फोंडेकरीण
सगळ्यांना धन्यवाद. मामेभावाला हा धागा पाठवला आहे, त्याने वाचला पण उत्तर नाही.

सुभेदार काका, तुमच्या उधारीवरून काल आईला विचारले. ती तेव्हा बैरात अकरा वर्षांची होती. तिला दगडांचे आठवत नाही. एवढे आठवते, की दुकानाच्या मालकाने लष्करी घरांची उधारी शेवटपर्यंत चालू ठेवली. आजोबा खतावणी दाखवून सांगायचे, आता थांबवा. मालक म्हणायचा, सरकारी माणसाचा पगार कुठे जातो? एप्रिलनंतर अधिकाऱ्यांच्या बायका एकेक करून बोटीवर चढल्या. आजोबांची सोळा वर्षांची बचत मालकाकडेच ठेव म्हणून होती. ते घरी आले ते शिवणयंत्र, दोन छत्र्या आणि ती खतावणी घेऊन. खतावणी आईने अजून कपाटात ठेवली आहे, नावे पोर्तुगीजमध्ये, अक्षर मोत्यासारखे. तुमचा मणिपूरचा दुकानदार आमच्या मालकाहून शहाणा.